शांततेचे मालक

मंदार सर चपला घालत नसत. माजिवड्याच्या नाक्यावर भर उन्हात डांबर पाघळलेलं असायचं, तरी हा माणूस अनवाणी. चपलेमुळे जमिनीशी बोलणं तुटतं, असं त्यांचं म्हणणं. जमिनीशी बोलायला ते रिक्षाने यायचे ही गोष्ट वेगळी. रिक्षातून उतरायचं, दोन पावलं टाकायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "अहाहा! तापलीय."

माझे बाबा कल्याणच्या मार्केटात हमाली करायचे. त्यांनी दुकानात जाऊन, पायात घालून बघून चप्पल घेतली ती मी बी.ए. झाले तेव्हा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्या समारंभाला फाटक्या चपलेत जायचं नाही म्हणून त्यांनी ती घेतलेली. तेव्हा हौसेने अनवाणी फिरणाऱ्या माणसाबद्दल माझं मत आधीच वाईट होतं, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. ते सुधारायची संधी सरांनी मला कधी दिली नाही.

आणि 'सर', 'ते' असं लिहितेय ती जिभेची सवय. आदर समजू नये.

सर समकालीन नृत्य करायचे. पण 'नृत्य' हा शब्द त्यांच्यासमोर काढायचा नाही. 'हालचाल' म्हणायचं. संगीताला संगीत नाही, 'ध्वनी' म्हणायचं. प्रेक्षकांना म्हणायचं 'साक्षीदार'. मी ठाण्यात एका वकिलांच्या ऑफिसात काम करते. आमच्याकडे साक्षीदार म्हटला की तो फितूर होणार हे धरूनच चालतात. सरांचेही व्हायचे. कार्यक्रम अर्ध्यावर आला की दाराजवळच्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या व्हायला लागायच्या. सर म्हणायचे, "जाणाराही काहीतरी घेऊन जातो." रिकामा झालेला वेळ घेऊन जात असावा.

बोलण्याची सुरुवात 'म्हणजे कसंय ना' अशी. त्यानंतर एक लांब श्वास. त्या श्वासात समोरचा माणूस गप्प व्हायचा, कारण आता काहीतरी मोठं येणार असं वाटायचं. यायचं काहीच नाही, पण तोवर माणूस गप्प बसलेला असायचा आणि सरांचं काम झालेलं असायचं. "मी चाळीतून आलोय" हेही त्यांचं लाडकं वाक्य. मुलाखतीत, कार्यशाळेत, कुठेही. खोटं नव्हतं. डोंबिवलीतल्या चाळीतच त्यांचा जन्म झालेला. फक्त ती चाळ त्यांच्या आजोबांची होती, हे सांगायचं राहून जायचं.

मी या माणसाच्या वाटेला गेले ती पल्लवीमुळे.

आम्ही दिव्याला राहतो, ठाणे आणि डोंबिवलीच्या मधल्या स्टेशनापाशी. पल्लवी आमच्याच मजल्यावरची, दोन दारं सोडून. वडील नाहीत. आई, म्हणजे आमच्या सुमन मावशी, शिवणकाम करतात. पल्लवी लहानपणापासून जयंतीच्या स्टेजवर नाचत मोठी झालेली. पुढे डोंबिवलीत एका डान्स क्लासमध्ये शिकवायला लागली. शाळांची गॅदरिंग, सोसायट्यांचे गणपती, हळदीचे नाच, सगळं ती बसवून द्यायची. पोरं तिच्यावर जीव टाकायची. पाच-सहा-सात-आठ म्हणत ती अशी टाळी वाजवायची की जिन्यातलं कुत्रंसुद्धा उठून बसायचं.

त्या क्लासमध्ये सरांनी एकदा कार्यशाळा घेतली. पल्लवीला बघून म्हणाले, "तुझ्या अंगात माती आहे."

पल्लवीने घरी येऊन हे अभिमानाने सांगितलं. मावशी मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या, "पाणी येतं त्या दिवशी तर अंघोळ करतेस की."

"आई, तसं नाही गं! कौतुक केलं त्यांनी!"

"मग कौतुकासारखं करायचं."

सर नवीन प्रयोग बसवत होते. समकालीन हालचाल आणि जिवंत ध्वनी यांचा संगम, असं पत्रकावर होतं. प्रयोगाचा शेवटचा भाग एकटीचा, तो पल्लवीला द्यायचं ठरलं. प्रयोग बघायला बेंगळुरूहून एका नृत्यसंस्थेच्या बाई येणार होत्या. त्या संस्थेत राहून शिकता येतं, जेवणखाण सगळं तेच बघतात, पण सरांसारख्या कोणीतरी नाव सुचवावं लागतं. "शेवटचा भाग तुझा आणि बेंगळुरूलाही तूच," सर म्हणाले. पण एक अट. हळदीचे नाच बसवणारं शरीर त्यांना चालणार नव्हतं. पल्लवीने क्लास सोडला.

मावशींनी तिला एकच सांगितलं. "प्रयोग होईपर्यंत मी तोंड उघडणार नाही. बेंगळुरूला घेतलं तर जा, माझी ना नाही. नाही घेतलं तर मामाने बोलून ठेवलंय ते हॉस्पिटलचं रिसेप्शन. मग नाच-बिच विसरायचा."

पल्लवी कबूल झाली. आणि माझ्याकडे आली.

"ताई, तू चल ना माझ्याबरोबर तालमीला. ते सगळे इंग्लिशमध्ये बोलतात. आणि मला कळलं नाही म्हणून विचारलं तर सर म्हणतात, कळून घेऊ नकोस, जाणव."

मी गेले. शनिवार-रविवारी डोंबिवलीतल्या एका शाळेचा हॉल मिळायचा. पहिल्याच दिवशी सरांनी मला विचारलं, "तू कोण?" मी म्हटलं, "वंदना, बी.ए., पल्लवीची शेजारीण." ते म्हणाले, "बी.ए. का! मग परवानग्यांचं तू बघ." त्या दिवसापासून हॉलच्या किल्ल्या, खुर्च्या, पोलिसांची परवानगी, सगळं माझ्याकडे. याला सर 'सामूहिक निर्मिती' म्हणायचे.

ध्वनी करायला ऋत्विक नावाचा ठाण्याचा मुलगा होता. वाईट नव्हता बिचारा. लॅपटॉप, वायरींचा गुंता, आणि कुकरच्या झाकणावर तो व्हायोलिनचा गज घासायचा. त्यातून असा काही आवाज निघायचा की दातांना झिणझिण्या यायच्या. एकदा तालीम रंगात आलेली, सर डोळे मिटून हॉलभर तरंगतायत, आणि ऋत्विकचा फोन वाजला. स्पीकरला जोडलेला होता, त्यामुळे अख्ख्या हॉलने ऐकलं.

"ऋत्विक, झाकण परत नेलंस? डाळ राहिलीय रे इथे!"

पल्लवी आणि मी हसून हसून खाली बसलो. सरांनी डोळे उघडले नाहीत. "हासुद्धा ध्वनीच," म्हणाले.

सरांच्या तालमीत मोजायला बंदी होती. "आकडे म्हणजे तुरुंग." पल्लवीची सगळी विद्याच आठ आकड्यांची. तोंडाने नाही म्हटलं तरी ओठ हलायचे. सरांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी उपाय काढला. तालमीआधी तिने पाण्याचा घोट तोंडात घ्यायचा आणि शेवटपर्यंत तसाच धरून ठेवायचा. गाल फुगलेले, नाकाने श्वास, आणि डोळ्यांत पाणी आलेलं, असं ती पोर तासन्‌तास नाचायची. चुकून गिळलं तर पहिल्यापासून. दिव्याला आमच्याकडे नळाला पाणी येतं तेव्हा पल्लवी पहाटे उठून रांगेत हंडे लावते. तेच पाणी हा माणूस तिला तोंडात धरून ठेवायला लावायचा.

"सर, याने काय होतं?" मी एकदा विचारलं.

"म्हणजे कसंय ना..." लांब श्वास. "शांतता ओली होते."

मी बी.ए. आहे. इतिहासात फर्स्ट क्लास आहे. मला या वाक्याचा अर्थ लागला नाही, आणि आता मला खात्री आहे की त्याला नव्हताच.

एक गोष्ट मात्र लिहायला हवी, नाहीतर खोटं होईल. एकदा पल्लवीला पडायचं कसं ते जमत नव्हतं. सर उठले. हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि पडले. पोतं पाठीवरून घसरतं ना, तसे. आधी एक खांदा गेला, मग कंबर, मग सगळा भार एकदम. मी बाबांना मार्केटात असं पडताना पाहिलंय. तेवढ्या वेळापुरतं त्या माणसाकडे मला तुच्छतेने बघता आलं नाही. त्याच्या अंगात कला होती. चीड येते ती त्याचीच. नसती तर सोडून दिलं असतं. मग ते उठले, कुर्ता झटकला आणि म्हणाले, "पाहिलंस? हे शिकवता येत नाही." झालं, पूर्ववत.

पल्लवी दिव्याची आहे हे सरांना उशिरा कळलं. कळलं त्या दिवशी त्यांचा चेहरा उजळला.

"दिवा? पाण्याचा प्रॉब्लेम आहे तेच ना? वा!"

पाण्याच्या प्रॉब्लेमला वा म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होते. तोवर प्रयोगाचं नाव 'शून्याकडे' होतं. ते बदलून 'ओल : एक अनुपस्थिती' झालं. सर ऋत्विकला घेऊन दिव्याला आले, संशोधन करायला.

टँकर यायची वेळ त्यांनी विचारून घेतलेली. ऋत्विकच्या हातात लांब काठी, तिच्या टोकाला केसाळ माइक. पोरं मागे लागली, "दादा, हे काय मारलंय?" टँकर आला आणि नेहमीसारखी जुंपली. पाइप कोणी आधी ओढला यावरून दोन बायका एकमेकींच्या सात पिढ्या काढत होत्या. सर भिंतीला टेकून, मान हलवत, दाद देत होते. भांडण मिटलं, हंडे भरले, तेव्हा ऋत्विकच्या लक्षात आलं की रेकॉर्डिंग सुरूच केलेलं नाही.

सर त्या बाईंकडे गेले. हात जोडून म्हणाले, "मावशी, मघाशी भांडलात ना, तस्सं परत एकदा होईल का?"

ती बाई त्यांच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघत राहिली. "का रे बाबा? हंडा भरला की माझा. आता काय मस्ती आलीय मला?"

मग सरांना अनुभव घ्यायची लहर आली. सुमन मावशींचा भरलेला हंडा त्यांनी खांद्यावर घेतला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट बंद असते. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत अर्धा हंडा जिन्यात. मावशी कपाळाला हात लावून खाली पाझरणाऱ्या पाण्याकडे बघत होत्या.

"सांडणं," सर धापा टाकत म्हणाले, "सांडणं हीच तर कविता आहे, मावशी."

"मग ती कविता फडक्याने टीप आणि पीळ हंड्यात," मावशी म्हणाल्या. आणि माझ्याकडे वळून, "वंदे, आधी याच्या पायात काहीतरी घाल. जिन्यात काचा आहेत."

काच लागली नाही. अशा माणसांना लागत नाही.

प्रयोगाचा दिवस आला. ठाण्यातलं छोटं सभागृह. सगळ्या खुर्च्या भरलेल्या, कारण फुकट होतं आणि सरांच्या ओळखी खूप. बेंगळुरूच्या बाई आलेल्या. पांढरे केस, सुती साडी, शांत चेहरा. सर त्यांच्याशेजारी पहिल्या रांगेत बसले. सुमन मावशी शेवटच्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून, मांडीवर डबा घेऊन. पोरीने दिवसभर काही खाल्लं नव्हतं म्हणून डबा. मी पडद्याच्या कडेला उभी.

आत जाताना पल्लवी माझा हात धरून म्हणाली, "ताई, आज नाही झालं तर उद्या रिसेप्शनवर गुड मॉर्निंग म्हणायला लागेन गं."

"होणार. जा."

आधीचे भाग झाले. लोक नेहमीप्रमाणे थोडे गेले, बाकीचे बसले. मग शेवटचा भाग. पल्लवी मधोमध येऊन उभी राहिली, तोंडात पाण्याचा घोट. ऋत्विकने झाकणावर गज टेकवला. आणि काहीच झालं नाही.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. सरांचा नियम असा की हालचालीने ध्वनीला उत्तर द्यायचं आणि ध्वनीने हालचालीला. कोणी कोणाला खूण करायची नाही. खूण म्हणजे गुलामी. मग तालमीत हे दोघं सुरू कसे व्हायचे? ते त्या दिवशी मला कळलं. सर खाकरायचे म्हणून. दर वेळी शेवटच्या भागाआधी सर घसा साफ करायचे, सवयीने, आणि त्या खाकरण्यावर दोघांचंही अंग आपोआप सुटायचं. त्यांनाही ठाऊक नव्हतं, सरांनाही नाही. आज सर पाहुण्यांच्या शेजारी बसलेले. शेजारी पाहुण्या असताना सभ्य माणूस खाकरत नाही.

तर पल्लवी आवाजाची वाट बघतेय आणि ऋत्विक तिच्या हलण्याची.

लोकांना वाटलं, हेच आहे. आधी चुळबुळ थांबली. मग एकाने डोळे मिटले. एका बाईंनी हात जोडले. दोघा-तिघांनी मोबाइल काढून ती शांतता रेकॉर्ड करायला घेतली. एसीची घरघर तेवढी चालू. पल्लवीचे गाल फुगलेले, डोळे भिरभिरणारे. ती माझ्याकडे बघत होती आणि मला तिला काही सांगता येत नव्हतं. सरांची मान मला दिसत होती. ताठ झाली होती. त्यांना कळलं होतं की हे बसवलेलं नाही. पण शेजारच्या बाई पुढे झुकून टक लावून बघत होत्या, म्हणून त्यांनीही तसंच झुकून बघायला सुरुवात केली. पोरगी वर जीव मुठीत धरून उभी आणि हे तिच्या घाबरण्याचं रसग्रहण करतायत.

आणि शेवटच्या रांगेतून आवाज आला.

"अगं पल्ले, नाच की! खांबासारखी काय उभी राहिलीस?"

पल्लवीला हसू फुटलं. तोंडातलं सगळं पाणी कारंज्यासारखं उडालं ते थेट पहिल्या रांगेत, सरांच्या खादीच्या कुर्त्यावर. तिने मनगटाने तोंड पुसलं. ऋत्विककडे वळली आणि चारचौघांत, मोठ्याने म्हणाली, "चल रे! पाच, सहा, सात, आठ!"

नंतर जे झालं ते मला लिहिता येणार नाही, कारण मी नाचणारी नाही. एवढंच सांगते की ती जयंतीच्या स्टेजवर नाचायची तशी नाचली आणि सरांनी शिकवलेलं पडणंही त्यात आलं. पोतं घसरतं तशी पडली, आठाच्या आकड्यावर, आणि एकाच्या आकड्यावर उठली. ऋत्विकने गज फेकून दिला आणि झाकण हाताने बडवायला घेतलं. आकडे ती शेवटपर्यंत ओरडत होती. मागच्या रांगांतून लोक तिच्याबरोबर आकडे म्हणायला लागले. संपलं तेव्हा सगळं सभागृह उभं होतं. मावशी बसल्याच होत्या. डबा घट्ट धरून रडत होत्या.

मग चर्चा. हल्ली प्रयोगानंतर चर्चा असते. सर ओल्या कुर्त्याने स्टेजवर चढले, माइक घेतला.

"म्हणजे कसंय ना..." लांब श्वास. "ती हाक. प्रेक्षागृहातून येणारी आईची हाक. त्या हाकेवर आम्ही खूप काम केलं."

मी तोवर मावशींच्या शेजारी जाऊन बसले होते. त्यांनी मला कोपर मारलं. "काय म्हणतोय हा?"

"मावशी, तो म्हणतोय की तुम्हाला ओरडायला त्याने शिकवलं."

"मला?" मावशींचा आवाज चढला. "मी काय याच्या बापाच्या..."

मी त्यांचा हात दाबला आणि स्वतः उभी राहिले. "ती हाक बसवलेली नाही," मी म्हटलं. "या तिच्या खऱ्या आई आहेत. तिला सुरू करायची खूणच मिळाली नव्हती. नाचली ते तिचं तिने केलंय."

सगळे माझ्याकडे वळले. आणि मग टाळ्या. कडकडाट. पुढचे एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "चर्चासुद्धा प्रयोगाचाच भाग आहे, बघा! काय डोकं आहे!" मीही नाटकातलीच, असं ठरलं. सरांनी माझ्याकडे हात करून मान लववली. कोर्टात मी खोटं खरं म्हणून खपताना बघितलंय. खरं खोटं म्हणून टाळ्या घेताना पहिल्यांदा बघितलं.

बेंगळुरूच्या बाईंनी पल्लवीला इंग्रजीत काहीतरी विचारलं. पल्लवी मला शोधत इकडेतिकडे बघायला लागली. मी शेवटच्या रांगेतून पुढे पोचेपर्यंत सरांनी माइक घेऊन उत्तर दिलेलं. मुलगी अगदी कच्ची आहे, आपण काय करतो हे तिला स्वतःला कळत नाही, ते आम्ही तिच्यातून काढून घेतो. सगळं इंग्रजीत. पल्लवी शेजारी उभी राहून हसत मान हलवत होती, कारण सर आपलं कौतुक करतायत असं तिला वाटत होतं. जिना उतरताना तिने मला विचारलं, "ताई, काय म्हणाले सर?" मी सांगितलं, जसंच्या तसं. तिने आईच्या हातातला डबा घेतला आणि तिथेच पायरीवर बसून सगळा खाल्ला.

तरी तिची आशा सुटली नव्हती. बाईंनी सरांना अख्ख्या प्रयोगासकट बोलावलं होतं. म्हणजे आपणही आलोच, असं तिला वाटलं. पुढच्या तालमीला गेलो. सर म्हणाले, "पल्लवी, परवासारखी हस."

"कोणी हसवलं तर हसेन ना सर."

"नाही. ती हाक येते, आणि तू हसतेस. कर."

सर स्वतः मागे जाऊन बारीक आवाजात ओरडले, "अगं पल्ले, नाच की!" पल्लवीला हसू आलं नाही. पुन्हा केलं. आलं नाही. पुन्हा. शेवटी तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते सरांना उपयोगाचं नव्हतं.

"हे प्रोफेशनल नाही," ते म्हणाले.

आठवड्याभरात तिच्या जागी दुसरी मुलगी आली. डोंबिवलीचीच, लहानपणापासून शिकलेली, हवं तेव्हा हवं तसं हसणारी. बेंगळुरूच्या संस्थेत राहायलाही तिचंच नाव गेलं. पल्लवीला कोणी काही कळवलं नाही. तिला ऋत्विककडून समजलं. तो बिचारा फोनवर सॉरी-सॉरी म्हणत होता. मावशींनी तिला एका शब्दाने टोचलं नाही. पण मामाचा फोन आला आणि पल्लवी आधार कार्डाची झेरॉक्स काढायला गेली.

आणि मग, बेंगळुरूला जायच्या थोडे दिवस आधी, एका रविवारी दुपारी, सर दिव्याला आले.

मी मावशींकडेच होते, ब्लाउजचं माप द्यायला. दारात सर, अनवाणी. पल्लवी आतल्या खोलीत होती. आवाज ओळखून ती बाहेर आली, सरांना बघितलं, आणि उलट्या पावली आत गेली. पडद्याआडून मला दिसत होतं. तिने घाईघाईने गाऊन बदलला, केस वर बांधले, तालमीला बांधायची तसे. पायात पैंजण होते ते काढून ठेवले, कारण सरांना पैंजण चालत नसत. मग बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. चेहऱ्यावर काही दाखवत नव्हती, पण उभी राहिली ती पाय जुळवून, हात सरळ. तयारीत.

सर खाली बसले. मावशींकडे तोंड करून म्हणाले, "म्हणजे कसंय ना, मावशी..." आणि लांब श्वास.

मावशींनी मशीन थांबवलं.

"आम्ही दोन-तीन नट्या लावून बघितल्या. चांगल्या, नाटकातल्या. कोणाला ती हाक जमत नाही. तो आवाज फक्त तुमच्याकडे आहे. तुम्ही चला ना बेंगळुरूला. येण्याजाण्याचं, राहण्याचं सगळं आमच्याकडे."

मी पल्लवीकडे बघितलं नाही, बघवलं नसतं.

मावशींनी सुईत अडकलेला धागा दाताने तोडला. "आणि पल्ली?"

"पल्लवी..." सरांनी पहिल्यांदाच तिच्याकडे वळून पाहिलं, कपाट कुठे आहे ते बघावं तसं. "तिचं पुढे कधीतरी बघू. हाक तीच राहील, नाव बदलत नाही आम्ही. 'पल्ले'मध्ये काहीतरी आहे."

"माझी पोरगी स्टेजवर घाबरून उभी होती," मावशी म्हणाल्या. "तिचा जीव गेलेला. म्हणून ओरडले मी. तुमची ती दुसरी पोरगी घाबरते का?"

"नाही, नाही. ती ट्रेण्ड आहे."

"मग तिला कशाला आई पाहिजे?"

सर काहीतरी बोलणार होते. पण भिंतीकडून पल्लवी म्हणाली, "सर, चहा घेऊन जा. मला गच्चीवर जायचंय, पोरं येतील." हे मलाही नवीन होतं, मावशींनाही. गच्चीवर कोणती पोरं, ते नंतर कळलं. बिल्डिंगमधल्या आठ-दहा जणींना तिने आधीच सांगून ठेवलेलं, रविवारी या, नाच बसवू. झेरॉक्स काढायला गेली तेव्हा. मामाला तिने नाही म्हणून सांगितलं होतं का, ते त्या वेळी कोणी विचारलं नाही. मावशी तिच्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी मशीन सुरू केलं.

सर चहा न घेता उतरले. पल्लवी पैंजण हातात घेऊन बाहेरच्या पायरीवर बसली, ते परत पायात घालायला.

मी कठड्यापाशी गेले. मला वाटलं, तो माणूस मान खाली घालून जाताना एकदा तरी बघू. खाली तळमजल्याच्या शिंदे काकू दारात मिरच्या वाळत घालत होत्या. सर त्यांच्यासमोर उभे होते, हात हलवून काहीतरी समजावत. काकू आधी लाजल्या. पदर तोंडाला लावून हसल्या. मग कमरेवर हात ठेवून, मान वर करून, आमच्या मजल्याकडे बघत त्यांनी जोरात आरोळी ठोकली.

"अगं पल्ले, नाच की!"

पल्लवी पायरीवरून उठून, एका पायात पैंजण, तशीच धावत कठड्याशी आली. "काय गं काकू? काय झालं?"

काकू गोंधळल्या. सर त्यांना म्हणत होते, "छान. आता थोडं काळजीने."

त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.